जवाईबुवांच्या गाडीतली टकटक

अण्णाजी चाफल्यांनी ठरवलं होतं ते एवढंच, की इंजिनाचं झाकण उघडून आत पाहायचं. पाहायचं आणि परत लावायचं. चुलीवरच्या गंजाचं झाकण सरकवून बाई भात शिजला की नाही ते पाहते, तितकंच काम. पुढचं सगळं त्या झाकणामुळे झालं, असं त्यांच्या पत्नी तानाबाई म्हणतात. अण्णाजी म्हणतात, टकटकीमुळे झालं. (या घरात प्रत्येक गोष्टीची दोन कारणं असतात, आणि तानाबाईंचं खरं निघतं.)

टकटक आली घटस्थापनेच्या दिवशी, जावयाबरोबर.

जावई अच्युतराव आष्टीला मलेरिया खात्यात इन्स्पेक्टर होते. गावोगाव हिंडून घराघरात फवारा मारून घ्यायचा, हे त्यांचं काम. त्यासाठी त्यांनी एक मोटारसायकल घेतली होती. लढाई संपल्यावर लष्कराने मोडीत काढलेली, एका सिलिंडरची, रंगाने मातकट आणि अंगाने म्हशीएवढी. ती सासऱ्यांच्या गावात, कारंज्यात, शिरली की कोंबड्या घरात पळत आणि माणसं बाहेर येत. लग्नानंतर सुलोचना पहिल्यांदा नवरात्रासाठी माहेरी आली ती या गाडीवर, नवऱ्याच्या मागे, दोन्ही पाय एका बाजूला सोडून, पदर घट्ट खोचून.

अण्णाजी ओट्यावर उभे होते. गाडी दारात थांबली. इंजिन अजून हळूहळू भकभकत होतं, आणि त्या भकभकीत अण्णाजींच्या कानाने काहीतरी वेगळंच टिपलं. टक टक टक टक. बारीक, पण नेमकं. मग सुलोचना उतरली, जावयांनी इंजिन बंद केलं, आणि टकटकही थांबली.

अण्णाजींच्या भुवया जवळ आल्या.

आता अण्णाजींचा कान म्हणजे साधा कान नव्हे. आर्वीकडच्या एका कापसाच्या जिनात त्यांचा जन्म गेला होता. सरकी काढणाऱ्या यंत्रांची सगळी रांग ज्या एका धिप्पाड तेल-इंजिनावर चालायची, त्याचे ते इंजनवाले. शाळेशी त्यांचं फारसं जमलं नाही, पण इंजिनाशी जमलं. पट्टा जरा सरकला की झोपेतून उठून बसत. (घरी पोरगी रडली तर उठत नसत. कान फक्त इंजिनापुरता होता.)

"जवाईबुवा," ते म्हणाले, "गाडीत आवाज हाये."

"कोनता, मामाजी?"

"टकटक."

"अच्छा, तो होय!" अच्युतराव हसले. "तो तं मामाजी, असं हाये का—"

अण्णाजींनी पंजा वर केला. "मले सांगू नोका. माहा जन्म इंजनाजवय गेला."

जावई नवे होते आणि चांगल्या वळणाचे होते. सासऱ्याने हात वर केल्यावर बोलू नये, इतकं त्यांना कळत होतं.

त्यांना खात्याच्या शिकवणीसाठी नागपूरला जायचं होतं. गाडी त्यांनी सासऱ्याच्या अंगणात ठेवली. प्रवाशांची सर्व्हिस मोटर पकडायला निघताना म्हणाले, "दसऱ्याच्या सकाळी येतो, मामाजी. लगेच निघू. आईनं सांगितलं हाये, सुनेचा पहिला दसरा, सोनं द्यायच्या वेळी सून दारात पायजे. सगळे भाऊबंद येनार हायेत."

"गाडी तयार राहीन," अण्णाजी म्हणाले.

"गाडी तं तयारच हाये, मामाजी," जावई म्हणाले. पण अण्णाजींचं लक्ष गाडीकडे होतं.

झाकण दुसऱ्याच दिवशी उघडलं. आत पिस्टन दिसला. काळा पडलेला, पण ठणठणीत. अण्णाजींनी त्याला बोटाने टिचकी मारली. टकटक असं काही तो बोलला नाही.

शहाण्या माणसाने इथे झाकण लावलं असतं. पण अण्णाजींचा विचार सरळ होता. दोष सापडला नाही याचा अर्थ दोष नाही, असा होत नाही. दोष खोल बसला आहे, असा होतो. त्यांनी सिलिंडर वर ओढून काढलं. व्हॉल्व्ह काढले. पिस्टनवरच्या रिंगा काढल्या. मग ठिणगी पाडणारा मॅग्नेटो काढला, आणि पेट्रोल आणि हवा एकत्र करणारा कार्बोरेटरही काढला. जितकं काढलं तितकं चांगलं निघालं. जितकं चांगलं निघालं तितका अण्णाजींचा राग वाढला. चोर सापडत नाही म्हणून घरातला एकेक माणूस बाहेर काढून उभा करावा, तसं अंगण भरत गेलं.

"काय जी," तानाबाई दारातून म्हणाल्या, "गाडी कुठं गेली?"

"ही काय."

"हे? हे तं मले भंगारवाल्याचं दुकान दिसून राह्यलं."

"तुले काय समजते इंजनातलं?"

"मले एवढं समजते, का माही परात तिथं हाये."

परात होती. तीत राकेल होतं आणि राकेलात इंजिन होतं. तानाबाईंचे नवरात्राचे उपास. दिवसातून एकदा भगर आणि दाण्याची आमटी. त्या भगरीला दुसऱ्या दिवसापासून राकेलचा वास येऊ लागला. त्यांनी दुसरा गंज घेतला, त्यालाही वास. पाण्याला वास. देवघरातल्या घटाजवळ उभं राहिलं तरी वास. तानाबाई म्हणाल्या, "देवी या वर्षी कारंज्यात थांबत नाई. तिले चक्कर येते."

अण्णाजी व्हॉल्व्ह घासत होते. व्हॉल्व्ह त्याच्या बैठकीवर घट्ट बसला पाहिजे, म्हणून त्याला खरखरीत भुकटी लावून बैठकीवर घासायचा असतो. ती भुकटी नागपूरला मिळते. अण्णाजी नागपूरला कशाला जातील? त्यांनी घरातल्या डब्यातली रांगोळी घेतली, तेलात कालवली, आणि ताक घुसळताना रवी फिरवावी तसा दोन्ही तळहातांमध्ये धरून व्हॉल्व्ह फिरवू लागले. व्हॉल्व्ह आरशासारखा झाला. तानाबाईंच्या दारात अष्टमीला रांगोळी पडली नाही. शेजारपाजारच्या बायांनी विचारलं, घरात काही झालं का. तानाबाई म्हणाल्या, "हो, मोटारसायकल झाली."

शेजारी भैयाजी रोज यायचे. मोठ्या रस्त्यावर, जिथे नागपूर-अमरावतीचे ट्रक थांबतात, तिथे त्यांचं चहाचं हॉटेल. ट्रकवाल्यांकडून ऐकलेलं सगळं ज्ञान ते अण्णाजींना आणून द्यायचे.

"अण्णाजी, हॉटेलात एक मिस्त्री उतरला हाये अमरावतीचा. पाठवू का?"

"कायले?"

"पाह्यन तो जरा. त्याचा हात चांगला हाये म्हन्तात."

"माहे दोन्ही चांगले हायेत."

"तसं नाई जी, पन हे लोक रोज हेच काम करतात—"

"भैयाजी, चहात साखर किती टाकाची हे मी तुमाले कधी सांगतलं का?"

"नाई."

"मंग?"

भैयाजी गेले. जाताना परातीकडे पाहून एवढंच म्हणाले, "हे एवढं सगयं त्या गाडीतून निघालं? का घरातलंही काही हाये यात?"

सुलोचना दुपारी चहा घेऊन यायची. अंगणातल्या फरशीवर तिची जोडवी वाजायची आणि अण्णाजी मान वर न करता म्हणायचे, "ठेव, माय." ती जोडवी अण्णाजींनीच घडवून घेतलेली. लग्नाच्या वेळी सोनाराने आणलेली हलकी म्हणून त्यांनी परत पाठवली होती आणि भरीव, जाड करवून घेतली होती. चाफल्याची लेक सासरच्या घरात चालली तर घराला कळलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं.

"बाबाजी, होईन ना हे दसऱ्यापर्यंत?" ती विचारायची.

"काऊन नाई होनार?"

"नाई... माह्या सासूबाई म्हणालत्या, उशीर नाई झाला पायजे. पहिल्या दसऱ्याले सून आली नाई तं लोक काय म्हनतीन?"

त्या रात्री अण्णाजींना जेवण गेलं नाही. गाडी उभी राहिली नाही, तर आष्टीच्या त्या भरल्या ओट्यावर भाऊबंदांच्या देखत बोलणी कोणाला बसतील? जावयाला नाही. सासऱ्याला तर मुळीच नाही, तो कारंज्यात. बसतील पोरीला. तुझ्या बापाने गाडी खोलली, म्हणतील. हा शब्द जन्मभर पोरीच्या ताटात पडेल. टकटक सापडो न सापडो, गाडी दसऱ्याला उभी राहिलीच पाहिजे.

नवमीच्या सकाळी ते कंबर कसून बसले. सगळं धुतलेलं, पुसलेलं. आज जोडायचं आणि संध्याकाळी किक मारायची. त्यांनी पान्याला हात घातला.

"पाना ठेवा खाली," तानाबाई म्हणाल्या.

"काऊन?"

"आज खंडेनवमी. हत्यारं पाटावर मांडा."

अण्णाजींच्या हातातला पाना हातातच राहिला. नवमी त्यांच्या ध्यानातच नव्हती.

"आज नोको," ते म्हणाले. "उद्या पुजू."

"अस्सं?" तानाबाईंनी पदर सारखा केला. "शेठाले काय सांगतलं होतं तुमी?"

ही गोष्ट अख्ख्या कारंज्याला पाठ होती, कारण अण्णाजी ती दरवर्षी सांगत. जिनाच्या शेठाला एकदा खंडेनवमीला इंजिन चालवून पाहायचं होतं. कापूस यायला लागला होता. अण्णाजी इंजिनासमोर हात पसरून उभे राहिले. म्हणाले, शेठजी, आज हत्याराची पूजा. पुजलेलं हत्यार दसरा उजाडल्याबिगर हलत नाई. चालवाचं असन तं माह्या अंगावरून चालवा. शेठ घाबरून परत गेले. अण्णाजींच्या आयुष्यातला तो सगळ्यात मोठा विजय होता. तो आज त्यांच्याच अंगावरून चालत आला.

"ते जिनातलं होतं," अण्णाजी म्हणाले.

"हे घरातलं हाये. देवी तीच हाये."

अण्णाजींनी आंघोळ केली, धोतर बदललं आणि पाटावर पाने, हातोडी, पकड मांडली. आणि मांडता मांडता त्यांच्या मनात आलं, नुसती हत्यारंच कशाला? जिनात इतकी वर्षं इंजिनाची पूजा केली, ती बाहेरून. पोटातल्या भागांना गंध कोणी लावलं? आज सगळं उघडं पडलं आहे, तर देवीचा हात आतपर्यंत फिरू द्यावा. मग टकटक असेल तर तिचीही शांती होईल.

त्यांनी पिस्टनला कुंकू लावलं. व्हॉल्व्हना हळद लावली. सिलिंडरला झेंडूचा हार घातला. कुंकवात भिजवलेल्या अक्षता एकेका भागावर मनोभावे वाहिल्या. कार्बोरेटरची एक छोटी पितळी वाटी असते, पेट्रोल साठवायची. ती पाटावर रिकामी दिसली. पूजेत वाटी रिकामी ठेवत नाहीत. अण्णाजींनी तीत चिमूटभर अक्षता टाकल्या.

"तिच्या पोटात कायले टाकता जी?" तानाबाई म्हणाल्या. "वरून टाका ना."

"देवाचं काम हाये. आत पोचलं पायजे."

"मंग उद्या झटकून काढजा बरं. मी सांगून राह्यली."

"तुले काय समजते कार्बोरेटरमधलं?"

तो पूर्ण दिवस अण्णाजी ओट्यावर बसून पाटाकडे पाहत राहिले. हात शिवशिवत होते. भैयाजी दोनदा येऊन गेले. दुसऱ्यांदा म्हणाले, "अण्णाजी, शेठाची गोष्ट सांगा ना." अण्णाजींनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की भैयाजींना हॉटेलातलं दूध आठवलं आणि ते उठून गेले.

दसरा उजाडला. आकाशात अजून तांबडं होतं तेव्हाच अण्णाजींनी देवीला हात जोडले आणि पाटावरून इंजिन उचललं. अक्षता झटकल्या. कुंकू पुसलं. पितळी वाटी उपडी करून टिचकी मारली. मग जोडणी सुरू झाली. रिंगा दाबून पिस्टन सिलिंडरमध्ये जाईना, म्हणून तेलाच्या डब्याचा पत्रा कापून पिस्टनभोवती गुंडाळला आणि तो बांधायला हाताशी दुसरं काही नव्हतं, म्हणून दोरीवर वाळत असलेल्या तानाबाईंच्या परकराची नाडी ओढून घेतली. पिस्टन बसला. झाकण बसलं. मॅग्नेटो बसला, कार्बोरेटर बसला. अण्णाजी उभे राहिले. कंबर लवकर सरळ होईना, पण छाती पुढे होती.

त्यांनी किक मारली. काही नाही. पुन्हा मारली. भक भक भक! इंजिन चालू झालं. सुलोचना टाळ्या वाजवत बाहेर आली. आणि इंजिन विझलं.

पुन्हा किक. भक भक. विझलं.

जरा दम घेऊन किक मारली की चालू, आणि आनंद होईपर्यंत बंद. अण्णाजींनी प्लग काढून पाहिला. ठिणगी निळीशार. टाकीतून पेट्रोल येतं का पाहिलं. येत होतं, धोतरावरही आलं. दाब पाहिला. इतका, की किक उलटी बसून पोटरीत गोळा आला. सगळं बरोबर होतं आणि गाडी चालत नव्हती. आधी टकटक होती तेव्हा चालत होती. असा अन्याय जिनातल्या इंजिनाने कधी केला नव्हता.

"ढकलून पाहू," भैयाजी म्हणाले. ते कधी आले होते कोण जाणे. "ट्रकवाले तसंच करतात."

"ढकलाची काय गरज? चालूच हाये."

"कुठं चालू हाये?"

"मधूनमधून चालू हाये."

शेवटी ढकलली. अण्णाजी वर बसले. हॉटेलातले चहा पिणारे सगळे मागे लागले. गल्लीतून मोठ्या रस्त्यावर आली, तिथे भकभकली, झाडापर्यंत गेली आणि थांबली. पुन्हा ढकलली. चहावाले दमले, तेव्हा अण्णाजी उतरले आणि स्वतः मागून खांदा लावला. धोतराला तेल, गालावर कुंकू आणि कपाळाला काजळी, असे ते मान खाली घालून गाडी रेटत होते, तेवढ्यात मागून भोंगा वाजला.

नागपूरची सर्व्हिस मोटर होती. रस्त्याच्या मधोमध मोटारसायकल असल्याने तिला पुढे जाता येईना. खिडकीतून एक डोकं बाहेर आलं. गळ्यात झेंडूची माळ नव्हती, एवढाच काय तो देवाचा आणि जावयाचा फरक.

"मामाजी?" अच्युतराव म्हणाले.

अण्णाजींनी कमरेवर हात ठेवून श्वास घेतला. "या, या जवाईबुवा. गाडी जरा गरम करून राह्यलो."

"ढकलून?"

"बाहेरून गरम झाली का आतून लवकर होते."

मोटरमधली सगळी माणसं एका बाजूला झाली. ड्रायव्हर म्हणाला, "बाबाजी, आता तुमची गरम झाली असन तं आमची थंडी मोटर जाऊ द्या."

अच्युतराव खाली उतरले. घरी आल्यावर त्यांनी अंगणात राकेलची परात, पत्र्याचे तुकडे, तेलकट नाडी आणि पाटावरची सुकलेली झेंडूची फुलं पाहिली. मग सुलोचनेकडे पाहिलं. ती बोचकं बांधून दाराशी उभी होती आणि तिचे डोळे भरलेले होते. ऊन वर आलं होतं. आष्टी लांब होती.

"मी पाहू का, मामाजी?" त्यांनी विचारलं.

अण्णाजींचा पंजा वर आला. मग पोरीकडे पाहून आपोआप खाली गेला.

"पाहा," ते म्हणाले.

अच्युतरावांनी किक मारली, इंजिन विझताना कान दिला. "आमच्या फवाऱ्याच्या पंपाचं असंच होते," ते म्हणाले. "तोंडात काहीतरी बसते. जोर आला का बुजते, जोर गेला का सुटते." त्यांनी कार्बोरेटरची खालची चकती सोडवली, पेट्रोलच्या वाटेला तोंड लावलं आणि जोराने फुंकलं. काहीतरी उडालं आणि फरशीवर पडलं. त्यांनी ते चिमटीत उचललं.

तांदळाचा दाणा होता. लालभडक.

"मामाजी," ते फार हळू आवाजात म्हणाले, "पेट्रोलमंदी तांदूळ?"

अण्णाजी तात्काळ तानाबाईंकडे वळले. "सांगतलं होतं तुले—"

"कोनाले?" तानाबाई म्हणाल्या. "पूजा कोनं केली? वाटीत कोनं टाकल्या? झटकून काढजा म्हनून कोनं सांगतलं?"

"मी झटकल्या होत्या."

"एक राह्यला."

"ओला होता. चिकटला."

"आत पोचलं पायजे म्हन्त होते ना? पोचलं."

भैयाजींना खोकल्याची उबळ आली आणि ते दाराबाहेर गेले. बाहेर गल्लीतही खोकला बराच वेळ ऐकू येत होता.

पण गाडी चालू झाली. पहिल्या किकेला. आणि काय चालली! भक भक भक भक, एकसारखी, गोड. अण्णाजींची मान हळूहळू ताठ झाली. त्यांनी सगळ्यांना हाताने गप्प केलं.

"आयका," ते म्हणाले.

सगळे ऐकू लागले. भैयाजीही आत आले आणि ऐकू लागले.

"आयकून राह्यलो," भैयाजी म्हणाले. "काय आयकाचं हाये?"

"टकटक! कुठं हाये टकटक? गेली ना?" अण्णाजींनी छातीवर हात ठेवला. "व्हॉल्व्ह होता. मले पहिल्या दिवशीच समजलं होतं. कोनत्या मिस्त्रीले समजलं असतं? तांदुळाचं सोडा. तो देवाचा होता. टकटक काढली का नाई, ते बोला."

खरंच, टकटक गेली होती. अच्युतरावांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण त्यांना वळण चांगलं होतं. त्यांनी सासऱ्याच्या हातात आपट्याची पानं ठेवली, पाया पडले आणि गाडीवर बसले. सुलोचना आईच्या गळ्यात पडली, बापाच्या पाया पडली आणि बोचकं मांडीवर घेऊन मागे बसली. दोन्ही पाय एका बाजूला. लोखंडी पायठेवणीवर तिने पाऊल टेकवलं.

टक टक टक टक.

"थांबा!" अण्णाजी ओरडले.

अच्युतराव थांबले. इंजिन चालूच होतं. टकटकही चालू होती. अण्णाजी खाली वाकले. सिलिंडरला कान लावला, टाकीला लावला, मागे सरकत सरकत पोरीच्या पावलापाशी आले. लोखंडी दांडा इंजिनाबरोबर थरथरत होता आणि त्यावर टेकलेलं भरीव चांदीचं जोडवं त्याच्याबरोबर वाजत होतं.

"सुले," ते म्हणाले, "पाय उचल."

तिने उचलला. टकटक बंद.

"ठेव."

टक टक टक टक.

सुलोचना लाजून म्हणाली, "बाबाजी, तुमीच तं म्हणालते, भरीव पायजे. वाजलं पायजे."

"मले ठाऊक होतं, मामाजी," अच्युतराव खाली पाहत म्हणाले. "लग्न झाल्यापासून आयकून राह्यलो. त्या दिवशी सांगनारच होतो, पन तुमी हात वर केला..."

अण्णाजींनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं. त्याला अजून राकेलचा वास येत होता.

"जा आता," ते म्हणाले. "उशीर होऊन राह्यला. पोरीले सोन्याच्या वेळेले पोचवा."

गाडी गेली. गल्लीच्या टोकापर्यंत भकभक आणि तिच्यासोबत टकटक ऐकू येत होती. अण्णाजी उभे राहून ऐकत होते. तानाबाईंनी दोरीकडे पाहिलं, परकराकडे पाहिलं, आणि हात पुढे केला. अण्णाजींनी मुकाट्याने नाडी त्यांच्या हातावर ठेवली.

सुलोचना वेळेवर पोहोचली. भाऊबंदांच्या देखत तिने सासूच्या हातात सोनं दिलं. कोणी काही बोललं नाही. ही बातमी आली तेव्हा अण्णाजींना पहिल्यांदा भूक लागली.

पुढे दिवाळी आली. अण्णाजी सकाळपासून ओट्यावर, कान रस्त्याकडे लावून. भकभक आली नाही. दुपारी सर्व्हिस मोटर आली आणि तिच्यातून जावई आणि लेक उतरले. गर्दीने चुरगळलेले, घामेजलेले. जोडव्यांचा आवाज तेवढा दुरून ओळखू आला.

"जवाईबुवा, गाडी कुठं हाये?" अण्णाजींनी विचारलं.

"घरीच हाये, मामाजी."

"काऊन? बिघडली का?" अण्णाजी अर्धे उठलेच. तानाबाईंनी मागच्या मागे परात उचलून घरात नेली.

"नाई, नाई," अच्युतराव घाईने म्हणाले. "लय चांगली चालून राह्यली. म्हनूनच नाई आनली."